तापी समुद्राला मिळते तिथे काय उरलंय? किनाऱ्यावरच्या पाणथळी आणि आपण खान्देशी

तापीकाठ (अमळनेर), धागाकर्ता

मंडळी, नमस्कार.

दिवाळीनंतर बहिणीकडे सुरतला गेलो होतो. तीस वर्षं जातोय, पण दर खेपेला तेच: उधना स्टेशन, लिंबायत, कापड मार्केट, परतीची गाडी. या वेळी भाची मागेच लागली. "मामा, तुम्ही सारखं तापी तापी करता, ती संपते कुठे ते पाहिलंय का?" नव्हतं पाहिलं. मुडावदला पांझरा मिळते तिथे लहानपणापासून जातोय, चांगदेवला पूर्णा मिळते ते पाहिलंय, प्रकाशाला तर वडिलांच्या अस्थी घेऊन गेलो होतो. शेवटचा संगम मात्र राहूनच गेला होता.

डुमसच्या अंगाला आम्ही ओहोटीच्या वेळी पोचलो. पाणी इतकं आत गेलेलं की समुद्र आहे यावर विश्वास बसेना. पुढे नुसता चिखल, उन्हात चकाकणारा, आणि काठाला तिवरांची रांग. झाडं पुरुषभर उंचीची. बुंध्याभोवती चिखलातून शेकडो मुळं पेन्सिलीसारखी सरळ वर आलेली. ही श्वासमुळं. त्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. भाचीने एक पान तोडलं, उलटं केलं आणि म्हणाली, "चाटा." चाटलं. मिठासारखं खारट! तिवर खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. खाली चिखलात बोटभर लांबीचे मासे कल्ल्यांच्या पंखांवर उड्या मारत होते. तिकडे त्यांना लेवटा म्हणतात, कोकणात निवटी.

आणि त्या श्वासमुळांना गुंडाळलेल्या साड्यांच्या काठाच्या चिंध्या, दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या. मूठभर सोडवल्या. किती सोडवणार?

चिखल हातात घेतला तर काळा, चिकट, आपल्या शेतासारखा. तापी ७२४ किलोमीटर वाहते. खोरं ६५ हजार चौरस किलोमीटरच्या वर, आणि त्यातला पाचातला चार हिस्सा महाराष्ट्रात. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर, गोमाई, सगळ्यांची माती हजारो वर्षं तिथे जाऊन बसली, तेव्हा ती पाणथळ झाली. म्हणजे तो किनारा आपल्या शेतांच्या मातीचा आहे. आपण मात्र "आपल्याकडे कुठे समुद्र" म्हणून मोकळे.

किनाऱ्यावरच्या पाणथळींना धोका आहे हे आपण वाचतो ते मुंबईच्या बातम्यांतून. मला वाटतं निम्मा धोका वरच्या अंगाने, म्हणजे आपल्याकडून जातो. यावर बोलू या का?

---

गिरणामाय (भडगाव)

भाऊ, लिहिलंय छान, पण राग मानू नका. आमच्याकडे गिरणेत वाळू उरली नाही. रात्रभर डंपर. पात्रात खड्डे पडलेत, काठच्या विहिरी आटल्यात, पाचव्या वर्गातल्या पोराला ट्रॅक्टरचा आवाज ऐकून सांगता येतं की भरलेला आहे की रिकामा. आधी आपली नदी वाचवू, मग सुरतची खाडी पाहू.

---

तापीकाठ

ताई, राग कसला. तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. नदीमुखाजवळची जमीन कायम थोडी थोडी दबत असते आणि लाटा तिला थोडी थोडी खात असतात. ती भरून काढायला दरवर्षी वरून गाळ आणि वाळू यावी लागते. वाळू आपण ट्रॉलीत भरतो, गाळ तापीवरच्या हतनूर आणि उकाई धरणांच्या पोटात बसतो. खाली जातं ते बरंचसं गाळून घेतलेलं पाणी. त्यात समुद्राची पातळी वाढतेय. खाली माती येत नाही आणि वर पाणी चढतंय, अशा कात्रीत ती पाणथळ सापडलीये.

म्हणून गिरणेची वाळू थांबवणं आणि किनारा वाचवणं ही एकच लढाई आहे असं मी मानतो.

---

लिंबायतकर (मूळ साक्री, आता सुरत)

वीस वर्षं झाली, पण ऑगस्ट २००६ अजून डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून लिहितो.

वर खोऱ्यात तुफान पाऊस. उकाई भरलेलं. पाणी सुटलं ते नऊ लाख क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला नऊ लाख घनफुटांच्या घरात. आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहत होतो, मी, आई, दोन भाऊ, चार लूमवर कामाला. मध्यरात्री आईने हाका मारल्या, "पोरहो, पाणी ऊनं रे, वर चढा!" अंधारात घरमालकाच्या गच्चीवर गेलो. सकाळी पाहतो तर खालच्या खोलीचं छत दिसत नव्हतं. तीन दिवस गच्चीवर. प्यायला पाणी नाही आणि चहूकडे पाणीच पाणी. आई नुसतं म्हणत होती, "तापीमाय कोपनी."

नंतर कळलं की पाणी उतरायला वेळ का लागतो. खंबातच्या आखातात देशातली सगळ्यात मोठी भरती असते, भावनगरकडे तर दहा मीटरच्या घरात. भरती चढली की नदीचं पाणी समुद्रात जायचं अडतं. पूर्वी अशा वेळी ते बाजूला पसरायचं, खाजणात, खारपट्ट्यात, चिखलात. तिथे आता भराव आहे, धक्के आहेत, वसाहती आहेत. नदीला पाय पसरायला जागा राहिली नाही.

मी असं म्हणत नाही की तिवरं असती तर पूर आला नसता. एवढ्या पाण्याला कोण अडवणार? पण पाण्याला थांबायला जागा असती तर आमच्या खोलीत कमी थांबलं असतं, एवढं माझं मत आहे.

---

सातपुडा_धडगाव

दादा, तुमचं वाचून घशाशी आलं.

आमच्याकडे गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. सरदार सरोवरात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं बाधित झाली. आमच्या पाड्याची शेतं, महूची झाडं, देवाची जागा, सगळं पाण्याखाली. वर नर्मदा अशी फुगली, आणि खाली भरूचकडे पावसाळा सरला की नदीत पाणी राहीना. गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला की समुद्र आत सरकतो. काठची विहीर खारी होते, शेत खारं होतं.

तिथला मासा म्हणजे पाला, बंगालीत ज्याला हिलसा म्हणतात. तो राहतो समुद्रात, पण पावसाळ्यात अंडी घालायला नदीत गोड्या पाण्यात चढतो. मुखाशी खारं आणि गोडं पाणी मिसळतं तो पट्टा म्हणजे त्याचा उंबरठा. आता भाडभूतला नदीच्या मुखाजवळ बॅराज बांधताहेत, खारं पाणी अडवायला आणि गोडं साठवायला. मच्छीमार विचारतात, पाला वर कुठून चढणार?

मी भरूचच्या एका मच्छीमाराशी बोललो होतो. तो भोई, मी भिल्ल. त्याने मला विचारलं, "तुमचं काय गेलं?" मी म्हटलं, गाव. तो म्हणाला, "आमचं गाव आहे, नदी गेली."

---

केळीवाला (रावेर)

सर्वांचा आदर राखून. धरणं झाली म्हणून केळी आहे, केळी आहे म्हणून पोरांची शिक्षणं झाली. हतनूरला बोल लावायचा तर आमच्या ताटाला बोल लावावा लागेल. आणि सुरतजवळ, तापीच्या मुखाशी असलेल्या हजिऱ्याच्या कारखान्यांत आपल्याकडची किती पोरं आहेत ते मोजा. माझा पुतण्या तिथेच वेल्डर आहे. त्याच्या घरातली चूल त्या भरावावरच पेटते. तिवर महत्त्वाचं की माणूस?

---

तापीकाठ

काका, प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. धरण पाडा असं इथे कोणीच म्हणत नाहीये. माझी बहीण सुरतच्याच कमाईवर उभी राहिली.

पण तिवर की माणूस असा निवाडा करायची वेळ आली की मला ओडिशा आठवतं. १९९९ चं महाचक्रीवादळ. केंद्रपाडा जिल्ह्यात ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये कांदळवनाचा, म्हणजे तिवरांसारख्या खाऱ्या पाण्यातल्या झाडांच्या वनाचा, रुंद पट्टा उरला होता, तिथे माणसं कमी दगावली, हे नंतर गावागावांचे आकडे मांडून अभ्यासकांनी दाखवलं. २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूत पिचावरमच्या कांदळवनामागच्या वस्त्यांचंही तसंच. लाट झाडांच्या गर्दीतून येता येता दमते. तुमचा पुतण्या किनाऱ्यालाच राहतो ना? मग त्याच्यासाठीच तर हे झाड हवंय.

दुसरं, खत. केळीला दिलेला सगळा युरिया केळी खात नाही. उरलेला नाल्याने नदीत, नदीने खाली. पाण्यात शेवाळ माजतं, ते मेलं की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. ठिबकमधून थोडं थोडं खत देणारे आपल्याच जिल्ह्यात सगळ्यात जास्त भेटतील. त्यात तुमचा पैसाही वाचतो आणि खालचं पाणीही. हे तर आपल्या हातातलं आहे.

---

केळीवाला (रावेर)

ठिबकचं मान्य. आमचं तर सगळंच ठिबकवर आहे. पुतण्याचा मुद्दाही डोक्यात ठेवतो.

---

उरणची सून (माहेर धुळे)

या धाग्यावर लिहायलाच हवं म्हणून लॉगिन केलं.

लग्न होऊन इथे आले तेव्हा मला ही जागा घाणेरडी वाटायची. चिखल, डास, सडक्या अंड्यासारखा वास. सासूबाईंनी एकदा सांगितलं, "त्या वासावर आपलं घर चाललंय." त्या ओहोटीला कालवं काढायला जायच्या, चिंबोऱ्या पकडायच्या. त्या वासाचा अर्थ मला फार नंतर कळला. चिखलात प्राणवायू नाही म्हणून तो वास. आणि प्राणवायू नाही म्हणूनच पडलेली पानं, मेलेली मुळं पुरती कुजत नाहीत, थरावर थर तशीच दबून राहतात. हवेतला कर्ब शेकडो वर्षं त्यात पुरून ठेवलेला असतो. तेवढ्याच जागेतलं साधं जंगल जितका धरून ठेवेल त्याच्या कित्येक पट. खणलं, कोरडं केलं की तोच कर्ब परत हवेत.

आता पाणथळ मारतात कशी ते सांगते, कारण कुऱ्हाड चालवलेली मी फार कमी पाहिली. आमच्या गावाजवळच्या खाजणात भरतीचं पाणी एका मोरीतून यायचं. रस्त्याचं काम निघालं आणि मोरी बुजली. कोणी बुजवली, याचं उत्तर कोणीच देत नाही. भरती येईना. पहिल्या वर्षी तिवरांची पानं पिवळी, दुसऱ्या वर्षी उभ्या काड्या. मग रात्री डेब्रिजचे ट्रक. मग कोणीतरी कागद दाखवतो की ही तर पडीक कोरडी जमीन आहे! उलटही होतं. बांध घालून पाणी आत कोंडलं की श्वासमुळं कायमची बुडतात आणि झाड गुदमरून मरतं. भरतीचं जाणं-येणं थांबवलं की पुरे, झाडाला हात लावायचीही गरज नाही.

कायदा नाही असं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच कांदळवन तोडायला बंदी घातली. २०१८ च्या निकालात तर कांदळवनाचा नाश म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला असं म्हटलं आणि भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. २०१२ पासून वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचं कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. हे सगळं चांगलं आहे, आणि यामुळे बरंच वाचलंही. पण त्या बुजलेल्या मोरीसाठी मी तीन अर्ज दिले, तीन ठिकाणी. तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. ती अजून बुजलेलीच आहे.

---

सुकट_प्रेमी (चाळीसगाव)

ताई, मोठी हिंमत तुमची. +१

---

हतनूरचा पाणपक्षी (वरणगाव)

पक्ष्यांच्या बाजूने थोडं.

हिवाळ्यात हतनूरच्या फुगवट्यावर या. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, मोठी लालसरी. काठाच्या चिखलात तुतारी आणि चिखल्या. यातले बरेच मध्य आशिया, सायबेरियाकडून येतात. या हवाईमार्गावर तीस देश आहेत. पक्ष्याला जिल्हा, राज्य कळत नाही. त्याला कळतं की इथे उतरलो तर खायला मिळेल की नाही. वाटेतला एक जरी मुक्काम बंद झाला तर पुढचा पल्ला त्याच्या अंगातल्या चरबीवर पडतो, आणि ती संपली की तो वाटेत पडतो.

ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी हजारोंनी येतात. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, दर्जा मिळाला. पण भरतीच्या वेळी खाडीचा चिखल बुडतो, तेव्हा त्यांना बसायला आजूबाजूची छोटी तळी लागतात, आणि ती अभयारण्याच्या हद्दीत नाहीत. नेमकी तीच बुजवली जाताहेत. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून तीसहून जास्त रोहित मेले. तो फोटो मी आजही पाहू शकत नाही.

आणि एक गोष्ट, जी आपल्या भागात फार थोड्यांना ठाऊक आहे. रामसर कराराप्रमाणे पाणथळ म्हणजे नैसर्गिक असो की माणसाने केलेली, गोडी असो की खारी, समुद्र असेल तर ओहोटीला सहा मीटर खोलीपर्यंत. पण आपल्या देशाच्या २०१७ च्या नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी आणि पिण्यासाठी बांधलेले जलाशय वगळलेत. मिठागरं वगळलीत, मत्स्यशेतीची तळीही. म्हणजे हतनूर पक्ष्यांसाठी देशातल्या महत्त्वाच्या क्षेत्रांच्या यादीत आहे, पण या नियमांपुरतं नुसतं धरण. उरणच्या ताईंकडचं मिठागर नुसतं मीठ. तरी वाट अगदी बंद नाही. शेजारी नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर हेही बंधाऱ्यामुळेच तयार झालं, आणि जानेवारी २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिथे जमलं ते हतनूरला का जमू नये?

---

भडगावची माहेरवाशीण

मी शास्त्र शिकलेली नाही. एक विचारते. आमच्या आठवडे बाजारात सुकट, बोंबील घेऊन बाया बसतात. आई सुकट तव्यावर कोरडी परतायची, कांदा, लसूण, लाल तिखट, वर शेंगदाण्याचा कूट, आणि कळण्याची भाकर. पावसाळ्यात भाजी नसली की आठवडाभर तेच. तेव्हा ती गरिबाची भाजी होती. आता भाव विचारला की हात मागे येतो, आणि बाजारवाली सांगते, "माल येत नाही ताई." याचा या तिवरांशी संबंध आहे का?

---

उरणची सून (माहेर धुळे)

ताई, माझी आईही अगदी अशीच करायची. कूट जरा जास्त.

सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात थव्याने राहतो, आणि बोंबील त्यालाच खातो. कोळंबी, बोय, जिताडा यांची पिल्लं खाडीत तिवरांच्या मुळांत लपून वाढतात. मोठ्या माशाला तिथे शिरता येत नाही. तिवराची पानं पाण्यात पडून त्यांचा चुरा होतो, त्यावर बारीक जीव जगतात, त्यांच्यावर पिल्लं. म्हणजे खाडी ही समुद्राची बाळंतिणीची खोली. भाव वाढायला डिझेल आहे, अति मासेमारी आहे, बारीक आसाची जाळी आहे, सगळंच आहे. पण त्या खोलीत भराव टाकला तर पुढे बाजारात काय येणार?

---

भडगावची माहेरवाशीण

कळलं. हे मी माझ्या बचतगटात सांगणार. सुकटीवरून सांगितलं तर सगळ्याजणी ऐकतील.

---

तापीकाठ

ताई, याहून चांगला मार्ग मला सुचला नसता.

बिघडलेलं परत येतं का, असं दोघांनी निरोप पाठवून विचारलंय. ओडिशातलं चिलिका सरोवर १९८१ पासून रामसर यादीत. वरच्या नद्यांचा गाळ साचत गेला, समुद्राकडचं मुख बुजत गेलं, खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी घसरली. १९९३ मध्ये ते संकटातल्या पाणथळींच्या यादीत गेलं. मग २००० मध्ये समुद्राकडे नवं मुख उघडलं, वरच्या पाणलोटातही काम केलं. मासळी परतली, आणि २००२ मध्ये ते त्या यादीतून बाहेर आलं. तिथे गाळ फार झाला होता, आपल्या तापीमुखाशी गाळ कमी पडतोय. दुखणं वेगळं, पण दोन्हीकडे दवा नदीच्या वरच्या अंगालाच सापडते. आणि तिथेही सगळा खेळ एका बुजलेल्या मुखाचाच होता. म्हणून उरणच्या ताई, तुमच्या मोरीचा चौथा अर्ज करा. मसुदा इथे टाका, आम्ही सगळे मिळून नीट करू.

---

उरणची सून (माहेर धुळे)

रविवारी टाकते. जुन्या भरतीच्या रेषेचे फोटो आहेत माझ्याकडे, सासूबाईंच्या काळातले. तेही जोडते.

---

हतनूरचा पाणपक्षी (वरणगाव)

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. हतनूरला येणाऱ्यांनी इथे नाव लिहा. दुर्बीण नसली तरी चालेल, आमच्याकडे चार आहेत. गिरणामाय ताई, तुमच्या पात्रातल्या डोहांवरचे पक्षीही मोजून घेऊ. वाळू उपशाच्या तक्रारीला ती नोंद कामी येते.

---

गिरणामाय (भडगाव)

माझं नाव लिहा. सोबत पाचवीतला पोरगाही येईल. ट्रॅक्टर ओळखतो, बदकंही ओळखेल.

---

लिंबायतकर (मूळ साक्री, आता सुरत)

आणि ज्यांना तापीचं मुख पाहायचंय त्यांनी भुसावळ-सुरत गाडीने उधन्याला उतरा, पुढचं माझ्याकडे. पंचांग पाहून या. अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी ओहोटी सगळ्यात खोल जाते, तेव्हा चिखल लांबपर्यंत उघडा पडतो. चपला घालून येऊ नका, रुततात. गमबूट नसले तर अनवाणी चाला, पण शिंपल्यांच्या कडा सांभाळून. धडगावच्या दादांनी तर यावंच. आई अजून आहे, सुकट तिच्या हातची.